जोडवंभर पाणी

आखाजीच्या सकाळी शेषरावांचं पाणी ओढायचं इंजन बंद होतं, आणि ते बंद आहे हे सगळ्यात आधी गीताबाईंच्या लक्षात आलं. होळीपासून रोज उजाडायच्या आत नदीकडून फटफट सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. सुरुवातीला त्या आवाजानं गीताबाईंचं डोकं उठायचं. आता तो नव्हता तर त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

“आज कशानं गप हाय वं तुह्या नवऱ्याचं इंजन?” पुरण वाटता वाटता त्यांनी धाकट्या जावेला विचारलं.

कौशल्याबाई परातीत कणीक तिंबत होत्या. “सन हाय नं मोठ्याबाई. त्यालेही सुट्टी पायजे,” त्या कणकेकडेच बघत म्हणाल्या.

“इंजनले सुट्टी, आन आपल्याले पाटा. बरं हाय बाप्पा.”

दोघी हसल्या. वाटणी झाली तेव्हा या दोघी अख्खा पावसाळा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, हे आता कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. चुली वेगळ्या झाल्या, मळे वेगळे झाले. उकंडराव आणि शेषराव या दोघा भावांत सामाईक राहिलं ते एक विहीर, एक डोह आणि सणाची चूल. भांडायला तेवढं पुरत होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. गावात घरोघरी माहेरवाशिणी आल्या होत्या, लिंबांना झोके बांधले होते, आणि सकाळपासून त्यांची गाणी कानावर येत होती. या घरची लेक मात्र आलेली असून नसल्यासारखी होती. उकंडरावांची तानुबाई आतल्या खोलीत बाळंतीण होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवसासायासानं झालेलं मूल. गीताबाई त्याला वाऱ्यालाही लागू देत नव्हत्या. त्यामुळे तानुबाईनं यंदा नदीच्या पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नव्हता. आणि आखाजीला या घरच्या लेकीनं नदीच्या पाण्यात पाय घातल्याशिवाय चालत नव्हतं.

ही भानगड रामराव करून गेले होते. रामराव म्हणजे उकंडराव, झुंबरबाई आणि शेषराव या तिघांचे वडील. झुंबरबाईंचं लग्न ठरलं वरखेडला. नाव वरखेड, पण गाव नदीच्या खालच्या अंगाला; तिथली माणसंही तशीच उलटी, असं गीताबाई म्हणायच्या. मांडवात देण्याघेण्याची गोष्ट निघाली तेव्हा रामराव उभे राहिले आणि म्हणाले, “सोनं माह्यापाशी नाही. पानी हाय. पानी देतो.”

रामरावांच्या मळ्याखाली नदीला खोल डोह होता. डोह जिथं संपतो तिथं नदीच्या आडवा काळा खडक, त्याला सगळे उंबरा म्हणत. डोहातलं पाणी उंबऱ्यावरून घसरून खाली वरखेडकडे जाई. रामरावांनी आंदण दिलं ते असं: दर आखाजीला माझी लेक उंबऱ्यावर उभी राहील. तिचं जोडवं पाण्यात बुडालं, तर आम्ही डोहाला खुशाल मोट लावू. जोडवं कोरडं राहिलं, तर त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत आमच्या घरचं कोणी डोहाला हात लावणार नाही. जे आहे ते लेकीच्या सासरी जाईल.

आधी लोक हसले. मग वरखेडवाले ते पाणी पिऊ लागले.

यात पाण्याइतकाच मासोळीचाही हिशेब होता. वैशाखात वरखेडचा उथळ डोह तापतो आणि मासे वर, या गार डोहाकडे निघतात. उंबऱ्यावर जोडवंभर पाणी असलं की वीतभर मासोळी सुळकन चढून येते. त्याहून कमी झालं की खडकावर तडफडते आणि कावळे तिची वाट बघत असतातच. या घरात मात्र डोहातला मासा कोणी धरत नसे. “माहेरी आलेल्या लेकीवर कोनी कोयता चालवते का?” असं रामराव म्हणायचे. सासरी, म्हणजे वरखेडच्या डोहात, त्यांचं काय होतं ते सासरच्यांना ठाऊक.

आधी झुंबरबाई उभ्या राहायच्या. त्यांचे मालक गेले, पोटी काही नव्हतं. सासरच्यांनी त्यांना एका गाठोड्यासकट माहेरी आणून सोडलं. त्याच उन्हाळ्यात तानुबाईचं लग्न झालं, म्हणून उंबऱ्याला खंड पडला नाही.

“यंदा कोन उभं राह्यते मंग?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“कोनी नाही. एखांद्या वर्षी नाही केलं त देव कोपते का?” गीताबाई म्हणाल्या, आणि पाट्यावर वरवंटा जरा जोरातच फिरला.

* * *

झुंबरबाई त्या वेळी नदीवर होत्या. आखाजीला वडिलांच्या नावानं घागर भरायची, ती डोहाच्याच पाण्यानं, आणि ती आणायचं काम त्यांनी कोणाला दिलं नव्हतं.

घागर बुडवून त्या उंबऱ्यापाशी आल्या. खालच्या डबक्यात मासे दाटीनं उभे होते, सगळ्यांची तोंडं वर, पाण्याच्या धारेकडे. एखादा उसळी मारून उंबऱ्यावरून जात होता. झुंबरबाईंना बरं वाटलं. त्यांना या माशांची मजा वाटायची. कोणी बोलावलेलं नाही, कोणी गाडी पाठवलेली नाही, तरी दरवर्षी आपले हक्कानं येतात.

मग त्यांना खडकावरचं शेवाळ दिसलं. उंबऱ्याच्या दोन्ही कडांना ते वाळून पांढरं पडलं होतं, आणि त्या वाळलेल्या शेवाळावरून आज पाणी चाललं होतं. रोज एवढं पाणी असतं तर शेवाळ वाळलंच नसतं. झुंबरबाईंनी वर पाहिलं. उंबऱ्याच्या अलीकडे डोहाचं पाणी एका अरुंद घळीतून येतं. त्या घळीतच शेषरावांनी इंजनाचा पाइप सोडलेला होता, आणि इंजन मुकं उभं होतं.

“शेषा, लेकाच्या,” त्या हसून म्हणाल्या आणि घागर डोक्यावर घेऊन घरी निघाल्या. कोणाला काही सांगायचं नाही, असं त्यांनी वाटेतच ठरवलं.

* * *

लेकाचा शेषा तेव्हा जावयाला केळी दाखवत होता.

जावई म्हणजे तानुबाईचे यजमान इंद्रभान. बुलढाण्याला पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होते. बाळाला बघायला आणि सण जेवायला एसटीनं धामणगाव बढ्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीनं आले होते. सासुरवाडीत ते कमी बोलत आणि जास्त जेवत, त्यामुळे सगळ्यांना आवडत.

“हे पाह्य जवाईबुवा,” शेषराव एका पानावरून हात फिरवत म्हणाले. “रावेरकडून कंद आनले. लोक म्हने, शेष्या येडा झाला, आपल्याकडं कुठं केळ होते? आता येतात आन पाहून जातात. बोलत नाहीत काही. नुसते पाह्यतात.”

केळी खरोखरच देखणी आली होती. गुडघ्याच्या वर गेलेली झाडं, रुंद कोवळी पानं. उन्हानं ती दुपारी मिटायची आणि शेषरावांचा जीवही त्यांच्याबरोबर मिटायचा. या भर उन्हाळ्यात पाणी तुटलं तर बाग बसली, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नुसत्या विहिरीच्या त्यांच्या पाळीवर ती जगणार नव्हती. आयुष्यभर थोरल्या दादांनी लावलं तेच लावलं, दादांनी विकलं तिथंच विकलं. ही केळी तेवढी त्यांची स्वतःची होती.

“काका, एक सांगायचं होतं,” इंद्रभान म्हणाले. “डोहाच्या वरच्या अंगाला बंधारा बांधायचं घाटतंय. माप माझ्याकडेच आलंय. बंधाऱ्यातून खाली किती पाणी सोडायचं, ते आधीच ठरवावं लागतं. आमचे साहेब म्हणतात, जुना चालत आलेला हक्क असेल तर तेवढं पाणी सोडू. पण तो चालू पाहिजे. एका वर्षी जरी तुम्हीच मोडला, तर मग तो हक्क कसला?”

शेषराव थांबले. “म्हंजे यंदा उंबऱ्यावर कोनी उभं नाही राह्यलं...”

“तर ती रीत मोडली असं मी समजेन. खोटं नाही सांगता येणार मला.”

“आन कोनी उभं राह्यलं, आन जोडवं बुडलं त?”

“तर रीतही राहिली आणि तुमचं इंजनही राहिलं.”

शेषरावांनी मान डोलावली. यंदापुरता तरी दोन्हीकडून आपलाच फायदा दिसत होता, आणि तरी त्यांना म्हणावं तसं बरं वाटेना. वाटणीच्या बैठकीत त्यांच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं होतं: “सगळं झालं, पन बाई कोनाच्या वाट्याले?” झुंबरबाई तेव्हा दाराआडच होत्या. तेव्हापासून शेषराव बहिणीशी बोलत होते, पण तिच्याकडे बघून नाही.

* * *

घागरी पुजल्या गेल्या, त्यांवर डांगरं, म्हणजे खरबुजं, ठेवली गेली, रामरावांच्या नावानं निवद झाला. ओसरीवर पुरुषांची पंगत बसली. आमरस, पुरणपोळ्या, कुरडया. इंद्रभानांनी रसाची वाटी तिसऱ्यांदा पुढे केली तेव्हा गीताबाईंना जावई सोन्याचा आहे असं पुन्हा एकदा वाटलं.

हात धुऊन उकंडराव भिंतीला टेकले. सगळ्यात मोठे, पण आवाज कधी चढवत नसत. त्यांना तशी गरज पडत नसे.

“मंग, उंबऱ्यावर कोन जाते यंदा?”

गीताबाई दारातूनच म्हणाल्या, “तानू बाळंतीन हाय. यंदा राहू द्या.”

“वहिनी बरोबर म्हनतात,” शेषराव लगेच म्हणाले.

उकंडरावांनी एकदा बायकोकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं. “तुमचं दोघायचं कधीपासून पटाले लागलं?”

कौशल्याबाई पदराआड हसल्या. इंद्रभानांनी मग बंधाऱ्याची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, शेतात सांगितली तशीच, एक शब्द इकडे-तिकडे न करता. आज कोणी उभं राहिलं नाही तर वरखेडचं पाणी कायमचं गेलं, एवढं सगळ्यांना कळलं.

“मी राह्यते उभी.”

झुंबरबाई तुळशीपाशी बसल्या होत्या. तिथूनच बोलल्या.

“तुमच्या पायात जोडवं कुठं हाय बाई?” गीताबाई म्हणाल्या.

ते त्यांच्या तोंडून गेलं. नातवाच्या काळजीनं गेलं, बाळंतघरातून आज नदीवर जायचं ते सवाष्णीनं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण गेलं ते गेलं. इंद्रभान आपल्या रिकाम्या वाटीत बघत राहिले.

झुंबरबाई उठल्या, ओसरीच्या पायरीशी आल्या आणि उजवा पाय पायरीवर उन्हात ठेवला. अंगठ्याशेजारच्या बोटाला मुळाशी एक खाच होती, गोल, आजूबाजूच्या कातडीहून गोरी. लहानपणी लग्नात घातलेलं जड जोडवं बोट वाढलं तसं बोटात रुतून बसलं होतं.

“जोडवं त्यायनं काढून घेतलं,” त्या म्हणाल्या. “हे नाही काढता आलं त्यायले. इथलोक पानी आलं की जोडवं बुडलं समजा.”

“बाई, तू काऊन उनात चालली?” शेषराव तावातावानं बोलले, नजर मात्र पायरीवर. “ज्यायनं तुले ठेवलं नाही त्यायच्यासाठी? आंदन लेकीसंगं जाते. लेक वापस आली, आंदनही वापस आलं. इसाब सरळ हाय.”

“लेक वापस येते बे,” उकंडराव म्हणाले. “नदी वापस चढलेली पाह्यली का तू कधी?”

“दादा, तुमची वांगी हायेत, माही केळी हाय! वांगं मेलं त दुसरं लावता येते.”

“हाव, माहे वांगे फुकटचेच हायेत,” आतून गीताबाई. आता त्या शेषरावांच्या बाजूनं उरल्या नव्हत्या.

“शेषा,” झुंबरबाई म्हणाल्या, “सासरनं ठेवलं नाही, खरं हाय. पन मासोळीनं माहं काय केलं? आन आपल्या बापानं मले एकच चीज देल्ली. सोनं असतं त कव्हाच मोडून खाल्लं असतं. पानी होतं म्हून राह्यलं. थे माह्या डोयादेखत बुडू देऊ का मी?”

उत्तर आलं ते आतल्या खोलीतून, तानुबाईचं, अंगावरच्या बाळाला थोपटता थोपटता.

“आई, आत्याले जाऊ दे वं. पह्यल्यांदा मले उंबऱ्यावर आत्यानंच उभं केलं, हात धरून. पडली असती मी नाहीतर. तवा काई वाईट झालं का?”

गीताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. नणंदेच्या पायाकडे बघवत नव्हतं आणि नजर तिकडेच जात होती. “जा बाई,” त्या अखेर म्हणाल्या. “पन गुडघ्या-गुडघ्या पान्यात नका जाऊ. आन डोक्यावर पदर घ्या चांगला, उन लय हाय.”

सगळे उठायला लागले, तेवढ्यात कौशल्याबाई म्हणाल्या, “आधी इंजन सुरू करा म्हना.”

शेषरावांनी बायकोकडे अशी नजर टाकली की दुसरी एखादी गप बसली असती.

“सकाळपासून बंद ठेवलं यायनं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “पानी चढावं म्हून. मले म्हने, कोनाले सांगजो नको.”

“मंग सांगून नाही राह्यली तू?” शेषराव ओरडले.

“सांगून कुठं राह्यली? घरातल्या घरात बोलून राह्यली.” मघापासून त्या झुंबरबाईंच्या पायाकडे आणि स्वतःच्या पायातल्या जोडव्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. “रोज जसं चालते तसं चालू द्या, आन मंग पाहा. खरं काय थे दिसन.”

उकंडरावांना हसू आवरेना. “शेषा, चोरी कराची त लग्नाआधी करावी बे.”

* * *

ऊन कलल्यावर सगळे नदीवर गेले. गीताबाई येणार नव्हत्या, पण बाळ झोपलं म्हणून आल्या. शेषरावांनी हँडल मारून इंजन सुरू केलं. घळीतलं पाणी पाइपात ओढलं जाऊ लागलं, वर केळीच्या पाटात पडू लागलं, आणि इकडे उंबऱ्यावरची धार हळूहळू पातळ झाली. वाळलेलं शेवाळ उघडं पडलं. खालच्या डबक्यातले मासे उसळ्या मारायचे थांबले आणि नुसते उभे राहिले.

करंजाच्या सावलीत सगळे वाट बघत बसले होते. पाणी आता स्थिर झालं असं इंद्रभानांनी सांगितल्यावर झुंबरबाई उठल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाय नेमके पडले. जागा त्यांना बघावी लागली नाही.

“मले काई दिसत नाही इथून,” त्या इंजनाच्या आवाजावर आवाज काढून म्हणाल्या. “डोये अधू झाले. कोनीतरी या.”

उकंडराव पुढे झाले.

“तू नको दादा. तू वरखेडवाल्याहून वरखेडवाला हायेस. जवाईबुवाही नको, ते सरकारचे. शेषा, तू ये.”

“मी?”

“हाव, तू. तू म्हनशीन थे खरं. भिजली म्हनलं त भिजली. कोनी इचारनार नाही तुले.”

शेषराव वहाणा काढून पाण्यात उतरले आणि बहिणीच्या पायाशी उकिडवे बसले. खडक गार होता. पाणी तिच्या बोटांच्या मधून जात होतं, खाचेच्या खालून. मध्येच एखादी लहर यायची, खाचेला शिवायची, आणि पुन्हा खाली जायची. शिवली की बोट ओलं दिसायचं. भिजली म्हणायला तेवढं पुरलं असतं. बाईनं आधीच सांगून टाकलं होतं.

वर मळ्यात केळीची पानं फडफडत होती. इथूनही ऐकू येत होती, की शेषरावांना तसं वाटत होतं. इंजन थांबलं तर या महिन्यात ती जाईल. बाग लावताना माती केलेल्या हातांची त्यांना आठवण झाली, लोकांच्या हसण्याची झाली. आणि समोर हा पाय. याच उंबऱ्यावरून या पायांनी त्यांना कडेवर घेऊन कितीदा तरी नदी पार केली होती. पाण्याला भिऊन ते तिच्या मानेला करकचून धरायचे आणि ती हसायची. बाई कोणाच्या वाट्याला, असं विचारलं होतं त्यांनी. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कोणतं पाणी कुठलं ते नीट दिसेना. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

“कोरडी हाय,” ते म्हणाले.

इंजनाच्या फटफटीत कोणालाच ऐकू गेलं नाही.

“काय म्हनते?” काठावरून उकंडराव ओरडले.

एकदा बोलणंच अवघड होतं. दोनदा बोलावं लागलं. शेषरावांनी मान वर केली आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडले, “कोरडी हाय! बंद करा थे इंजन!”

इंद्रभान धावत गेले. फटफट दोनदा अडखळली आणि थांबली. एकदम इतकं शांत झालं की पलीकडच्या काठावरची झोक्याची गाणी ऐकू आली.

इंद्रभान परत येऊन पाण्यात उतरले आणि खिशातली पट्टी त्यांनी खाचेशी लावली. “दीड इंच,” ते म्हणाले. “उंबऱ्यावरून दीड इंच पाणी कायम गेलं पाहिजे. तसं कळवतो साहेबांना.”

“कळवा,” उकंडराव म्हणाले. “पन इंच कोनाचे थेही लिहा. झुंबरबाईच्या पायाचे.”

सगळे हसले, शेषराव सोडून. ते तसेच उकिडवे बसून होते, उठायचं कुठं आणि जायचं कुठं हे न कळल्यासारखे. गीताबाईंना ते बघवेना. त्या काठावरून मोठ्यानं म्हणाल्या, “भाऊजी, इहिरीवरची आमची पाळी घ्या केळीले. पावसालोक.”

“आन तुमचे वांगे?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“कीड लागली त्यायले. तशेही जानारच होते.”

वांग्यांना कीड लागलेली नव्हती. कालच धामणगाव बढ्याच्या बाजाराला टोपलीभर गेली होती, आणि ती कौशल्याबाईंनीच डोक्यावर चढवून दिली होती. पण कौशल्याबाई जावेच्या शेजारी सरकून बसल्या, एवढंच. उकंडराव नदीकडे बघत होते आणि मनातून फार खूश होते. घर वाटलं तेव्हापासून त्यांना असं वाटलं नव्हतं.

“शेषा,” झुंबरबाई म्हणाल्या.

शेषरावांनी पाहिलं. वाटणीनंतर पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती.

“वाकलाच हायेस त पाया पडून घे. मोठी हावो मी तुह्याहून. आखाजी हाय आज.”

शेषरावांनी दोन्ही हात तिच्या पायांवर ठेवले आणि काढले नाहीत. घळीत अडलेलं पाणी आता मोकळं झालं होतं. ते हळूहळू भरत आलं, आधी त्यांच्या बोटांच्या कडेनं, मग बोटांवरून. त्यांच्या तळव्याखाली ती खाच होती, आणि पाणी तिच्यापर्यंत पोहोचलेलं त्यांना हातालाच कळलं.

“बाई,” ते म्हणाले, “आता भिजली.”

“भिजली ना? मंग हो बाजूले,” झुंबरबाई खालच्या डबक्याकडे बघत म्हणाल्या. “लेकी कव्हाच्या दारात खोळंबल्या हायेत.”

शेषराव उठले आणि बहिणीचा हात धरून बाजूला झाले.